आई, यावेळी तूपण यायचंस

ती. आईबाबांना साष्टांग नमस्कार,

फोनवर हे सगळं बोलायला घेतलं की मध्येच दादा येतो नाहीतर तुझ्या कुकरची शिट्टी होते आणि विषय राहूनच जातो, म्हणून यावेळी सरळ टाईप करून पाठवतेय. आई, चष्मा शोधत बसू नकोस, दादाला मोठ्याने वाचून दाखवायला सांग.

तिकिटं झाली. ४ एप्रिलला रात्री उतरतोय. पोरांना इथे मेलबर्नला ईस्टरची सुट्टी असते तेव्हा, दोन आठवडे पूर्ण मिळतील.

आता मुद्द्याचं. मागच्या महिन्यात मोठ्याला वर्गात उभं राहून आजीआजोबांच्या गावाबद्दल बोलायचं होतं, आम्ही पालक मागे बसलेलो. त्याने मुंबईबद्दल काय सांगितलं माहितीये? आजीच्या घराला गॅलरी आहे, आजी तांदळाची भाकरी करते आणि आम्ही मॉलमध्ये गेलो. संपलं. मला इतकं वाईट वाटलं ना आई, रात्री झोप नाही लागली. पोराची काही चूक नाही, त्याने बघितलं तेच सांगितलं. गेल्या खेपेला सोळा दिवसांत आपण अकरा घरी जेवायला गेलो, प्रत्येकाकडे तेच सोफ्यावर बसणं, तेच 'किती उंच झाला गं', आणि मधले दिवस ऊन आहे ट्रॅफिक आहे म्हणून एसीत. लालबागला आला आणि लालबागपण बघितलं नाही त्याने.

तेव्हापासून डोक्यात एकच चाललंय, की आपण आपली मुंबई कधी बघितली? बाबांचं वेगळं, बाबांनी बीएसटीच्या बसवर कंडक्टरकी करत सगळी मुंबई तिकिटं फाडत बघितली. पण तू? मला एक दिवस पक्का आठवतो, मी सातवीत होते, कणकवलीहून मामाकडची सगळी आली होती, आणि बाबा सगळ्यांना घेऊन गेटवे आणि तिथून लाँचने घारापुरी बेटावरची लेणी बघायला गेले. तू सकाळी साडेचारला उठून चपात्या आणि बटाट्याची भाजी डब्यात भरून दिलीस आणि स्वतः घरी राहिलीस, कारण संध्याकाळी परत आल्यावर सगळ्यांना जेवायला लागणार. आम्ही आल्यावर ताटं वाढता वाढता मला विचारलंस, "कसं असतं गं तिथं? मूर्ती मोठ्या आहेत?" मी म्हटलं हो, खूप मोठ्या, आणि पापड मागितला. बस एवढंच सांगितलं मी तुला.

२०१९ ला तुम्ही इथे आलात तेव्हा आपण साडेतीन-चार तास गाडीत बसून समुद्रातले ते ट्वेल्व्ह अपॉसल्सचे खडक बघायला गेलो. क्वीन व्हिक्टोरिया मार्केटमध्ये तू भेंडीवाल्याशी चक्क मराठीत भाव केलास आणि त्याने दिलापण कमी करून. म्हणजे मेलबर्न तू बघितलंस, आणि गेटवेवरून लाँचने तासाभरावर असलेली घारापुरी लग्नाला त्रेचाळीस वर्षं झाली तरी नाही बघितलीस. हे मला आता सहन होत नाही.

तर यावेळी सुरुवात घारापुरीपासून करायची, म्हणजे खरं तर भायखळ्यापासून. राणीच्या बागेला लागून भाऊ दाजी लाड म्युझियम आहे ना, त्याच्या आवारात एक दगडी हत्ती आहे. मी शाळेच्या सहलीत त्याच्या समोरून पळत गेलेय पाणघोडा बघायला, बाईंनीपण काही सांगितलं नव्हतं. तो हत्ती घारापुरीचा आहे. पोर्तुगीज बेटावर उतरले तेव्हा त्यांना तो दिसला आणि त्यावरूनच त्यांनी नाव ठेवलं एलिफंटा. मग १८६४ मध्ये इंग्रजांनी तो उचलून इंग्लंडला न्यायचं ठरवलं, क्रेन तुटली, हत्ती खाली पडून तुकडे झाले, आणि कितीतरी वर्षांनी, १९१४ मध्ये, ते तुकडे जोडून पुन्हा उभा केला. लालबागहून बसने पंधरा मिनिटं! आपल्या एवढ्या जवळ ही गोष्ट उभी आहे आणि मी ती इथे मेलबर्नमध्ये बसून वाचली. मोठ्याला सांगितली तर तो म्हणाला, जोडल्याच्या खुणा दिसतात का? म्हटलं जाऊन बघूया.

म्युझियमच्या आतपण जायचंय, १८७२ चं आहे ते, जुन्या मुंबईतली माणसं मातीच्या छोट्या छोट्या बाहुल्यांमध्ये करून ठेवलीयत, कोणाची पगडी कशी, कोणाचं लुगडं कसं. आई, तुला ते सगळ्यात आवडेल बघ, तू नऊवारी कशी नेसलीय ते बघत तिथेच उभी राहशील. धाकटीला मात्र पेंग्विन हवेत. आमच्या इथे फिलिप आयलंडला फूटभर उंचीचे पेंग्विन सूर्य मावळला की समुद्रातून वर चालत येतात, आणि राणीच्या बागेतले हम्बोल्ट जातीचे त्यांच्या जवळजवळ दुप्पट उंच असतात असं तिला कळलंय, त्यामुळे ती पट्टी बॅगेत टाकणार आहे. बुधवारी बाग आणि म्युझियम दोन्ही बंद असतं, तो दिवस सोडून.

आणि बाबा, तुम्ही पोरांना ट्रामची गोष्ट सांगायची. इथे तुम्ही त्या फुकटच्या सिटी सर्कल ट्राममध्ये खिडकीशी बसून पूर्ण फेरी मारलीत आणि मग परत दुसरी मारलीत, मला वाटलं तुम्ही थकला असाल म्हणून बसलात. घरी आल्यावर सांगितलंत की ३१ मार्च १९६४ ला बोरीबंदर ते दादर शेवटची ट्राम गेली तेव्हा तुम्ही नऊ वर्षांचे होतात आणि आजोबांचा हात धरून गर्दीत उभे होतात. ती गोष्ट पोरांना दादर टीटीला नेऊन सांगा, टीटी म्हणजे ट्राम टर्मिनस हे आता किती जणांना माहितीये. आणिकच्या डेपोत बीएसटीचं म्युझियम आहे तिथेपण न्या, तुमची ती तिकिटांची पेटी कशी असायची ते त्यांना बघायचंय. जुनी लाल डबलडेकर २०२३ मध्ये बंद झाली तेव्हा तुम्ही फोनवर दोन दिवस गप्प होतात, मला आठवतंय. नवीन एसीवाली तर आहे ना, तिच्यात वर पुढच्या सीटवर बसून सीएसएमटीवरून जाऊया सगळे.

खाण्याचं मी फार ठरवलं नाहीये. प्रकाशचा साबुदाणा वडा आणि पियूष, ते नक्की. लाडूसम्राटची कोथिंबीर वडी. मामा काणेंचा बटाटावडा, जमलं तर. आणि एक दिवस बॅलार्ड इस्टेटला ब्रिटानिया, १९२३ पासूनचं आहे, तिथला बेरी पुलाव मला खायचाय कारण कॉलेजात असताना बाहेरून जायचे आणि पैसे नसायचे. सगळ्या नातेवाईकांना एकाच रविवारी घरी बोलवूया, खाली गॅलरीत पंगत करू. कोणी रागावलं तर मी बोलेन त्यांच्याशी.

आता आपली गल्ली. आई, मसाल्याच्या मिरच्या मी येईपर्यंत आणू नकोस. प्लीज. मला पोरांना घेऊन मसाला गल्लीत तुझ्या मागे मागे फिरायचंय. तू बेडगी हातात घेऊन वाकवून बघतेस, देठ खुडून बी वाजवतेस, नाकाशी नेतेस आणि मग काहीच न बोलता पुढच्या दुकानात जातेस आणि तो दुकानदार मागून भाव कमी करत हाका मारतो, ते मला बघायचंय. रंगाला बेडगी, तिखटाला संकेश्वरी, मग धणे, दगडफूल, नागकेशर, जायपत्री, हळकुंडं, सगळं वेगवेगळ्या पुड्यांत. गच्चीवर जुन्या चादरीवर ऊन दाखवायचं, कावळे हाकलायला मुलांना बसवू. मग भाजून डंकावर. डंकाच्या दुकानात शिरलं की पहिली शिंक यायच्या आधी डोळ्यांतून पाणी येतं, आणि खाली ते लोखंडी मुसळ एकामागून एक पडत असतात धाडधाड, आणि तू पदर नाकाला लावून तिथेच उभी, दुसऱ्याचा मसाला आपल्यात मिसळू नये म्हणून. घरी आणल्यावर डबा गरम लागायचा हाताला. तू पेपरवर पसरून थंड करायचीस आणि बरणीत भरताना वर हिंगाचा खडा ठेवायचीस. इथे माझ्या बरणीतला शेवटचा तीन चमचे उरलाय, तो मी फक्त कोलंबीला वापरते.

आणि घारापुरी. सकाळची पहिली लाँच पकडूया म्हणजे ऊन लागणार नाही. जेट्टीपासून छोटी गाडी आहे, पुढे शंभराच्या वर पायऱ्या आहेत पण दोन्ही बाजूला दुकानं, थांबत थांबत जाऊ, आणि गुडघा दुखला तर डोलीवाले असतात. नको म्हणू नकोस. त्या बेटावरच्या लोकांना २०१८ मध्ये समुद्राखालून केबल टाकून वीज मिळाली, तोपर्यंत जनरेटर आणि कंदील. मूर्ती मोठ्या आहेत का विचारलं होतंस ना, सदाशिवाची जवळजवळ वीस फूट आहे आई, तीन तोंडांची, अंधारातून हळूहळू दिसायला लागते. बाजूला शिवपार्वतीचं लग्न कोरलंय, पार्वती लाजून खाली बघतेय. मी सातवीत हे काही नीट बघितलं नव्हतं, आता तुझ्याबरोबर बघेन.

सोमवारी तिथे बंद असतं. ७ तारखेला मंगळवार आहे, कॅलेंडरवर गोल करून ठेवा बाबा. त्या दिवशी डबा करायचा नाही, चपात्या नाहीत, भाजी नाही, आदल्या रात्री कांदा चिरून ठेवलेला दिसला तर मी शेजारच्या काकूंना देऊन येईन. पुरीभाजी सीएसएमटीसमोर पंचमकडे खाऊ येताना.

पायऱ्यांसाठी तुला इथून बूट घेऊन येतेय, मऊ तळव्याचे. चपलेचा नंबर सहा की सात ते दादाला मेसेज करायला सांग.

तुमची,
बेबी