ह्युस्टनहून पत्र: वादळाचा वेग कुठवर?

तीर्थरूप बाबांस,
साष्टांग नमस्कार.

परवा फोनवर तुम्ही विचारलंत, "समुद्र असाच तापत राहिला तर उद्या हजार किलोमीटर वेगाचं वादळ येईल का रे?" तेवढ्यात आईनं फोन घेतला आणि उत्तर राहूनच गेलं. तर, नाही येणार.

चक्रीवादळ जगतं समुद्राच्या वाफेवर. पाणी साधारण 26.5 अंशांहून गरम लागतं. आपल्या कूलरमध्ये पाणी वाळताना हवेतली उष्णता ओढून घेतं ना, तशीच इथे ती समुद्रातून ओढली जाते, वाफेसोबत वर जाते आणि ढग होताना मोकळी होते. त्यावर वारा जोर धरतो.

पण खरी मेख पुढेच आहे. वेग दुप्पट झाला तर समुद्रातून मिळणारी ऊर्जा ढोबळमानानं दुप्पट होते. लाटांशी घासून वाया जाणारी मात्र आठपट! दोन्ही सारख्या झाल्या की वेग तिथेच अडतो. इथल्या एमआयटी विद्यापीठाचे हवामानशास्त्रज्ञ केरी इमॅन्युएल यांनी 1986 मध्ये हा हिशोब नीट मांडला. खालचा समुद्र किती गरम आणि वरची हवा किती थंड, यावर कमाल वेग ठरतो. समुद्र तापला की तोही वाढतो, पण हजारापर्यंत नक्कीच नाही. आजवर मोजलेलं सर्वांत वेगवान, 2015 चं मेक्सिकोजवळचं पॅट्रिशिया, ताशी 345 किलोमीटरवर थांबलं.

बहुतेक वादळं तर या कमाल वेगाच्या जवळही फिरकत नाहीत. वरचे-खालचे वारे वेगळ्या दिशांचे असले की वादळ कलतं, कोरडी हवा आत शिरते. आणि एका जागी रेंगाळलं तर ते स्वतःच खालचं थंड पाणी घुसळून वर आणतं. मला हे फार आवडतं, आपल्याच हातानं चूल विझवणं!

टीव्हीवाले वेगाचेच आकडे ओरडतात. आम्हाला धास्ती पाण्याची. 2017 मध्ये हार्वे वादळ इथवर आलं तेव्हा वारा बराच ओसरला होता, तरी शहराच्या काही भागांत चार दिवसांत हजार मिलीमीटरहून जास्त पाऊस पडला. नागपुरात साधारण वर्षभरात पडतो तेवढा. वादळाची श्रेणी ठरते ती वाऱ्याच्या वेगावर; पावसाला श्रेणीच नाही, बाबा.

इथल्या नेहमीच्या घरविम्यात पूर धरत नाहीत. तो वेगळा काढावा लागतो आणि लागू व्हायला बहुधा 30 दिवस जातात. जूनमध्ये वादळांचा हंगाम सुरू होतो म्हणून आम्ही एप्रिलमध्येच काढून ठेवला. आईला एवढं नक्की सांगा, बाकीचं तुमच्यापाशीच ठेवा.

तुमचा,
मन्या