घाटावर दिवे लागोत, तेल नदीत नको

मा. संपादक,
स. न. वि. वि.

त्रिपुरारी पौर्णिमेच्या पहाटे कोल्हापूरचा पंचगंगा घाट पणत्यांनी उजळतो आणि तो पाहायला आता परगावचे लोकही मुक्कामाला येतात. याचा आम्हाला मनापासून आनंद आहे. फक्त दिवे लावणाऱ्यांनी एक गोष्ट ध्यानात घ्यावी. पावसाळा सरला की खाली कसबा बावड्याच्या राजाराम बंधाऱ्यात बरगे, म्हणजे पाणी अडवायच्या फळ्या, घालतात. खांबांच्या खाचांत बरग्यांच्या दोन ओळी आणि मधल्या पोकळीत ठासलेली माती, यामुळे पाणी अडते आणि त्याचा फुगवटा घाटाकडे चढतो. दिव्यांचे प्रतिबिंब इतके देखणे पडते ते या संथ पाण्यामुळेच. पण त्यात सांडलेले तेल, वाती आणि रांगोळीचा रंग पुढे वाहून जात नाही, तिथेच तवंग धरतो.

पणतीत 15 मिलिलिटर तेल धरले तरी घाटावरच्या 51 हजार पणत्यांना 765 लिटर लागते. त्यातले थोडे सांडले तरी ते थोडे नसते. जयंती आणि दुधाळी नाल्यांच्या सांडपाण्यापुढे याचे काय, असे काहीजण म्हणतात. नाल्यांचा प्रश्न मोठा आहेच, तो सुटायलाच हवा. पण दिव्याचे तेल आपल्या हातातले आहे.

नव्या पणत्या आदल्या दिवशी काही तास पाण्यात बुडवून सुकवाव्यात. कोरी माती तेल पिते, ते बुडातून झिरपते आणि दगडावर डाग राहतो. तेल काठोकाठ ओतू नये, दोन तृतीयांश पुरे. वाती घरूनच तेलात भिजवून डब्यातून आणाव्यात. पहाटे दव पडते, ओलसर झालेली कोरी वात नुसती तडतडते आणि विझते. काड्यापेटी न वापरता काकड्याने, म्हणजे तेलात भिजवलेल्या कापडाच्या जाड पेटत्या वातीने, दिवे लावावेत, म्हणजे जळक्या काड्या पायऱ्यांवर पडत नाहीत. सुरुवात पाण्यालगतच्या पायरीपासून करून वर चढत यावे. उलट केले तर पेटत्या ओळी ओलांडून खाली उतरावे लागते आणि साडीचा पदर, ओढणी धोक्यात येते. जाण्यायेण्यासाठी मधला एक पट्टा मोकळाच ठेवावा. पुराचा गाळ खालच्या पायऱ्यांच्या सांध्यांत राहिलेला असतो. तो आधी खरवडून काढायला हवा, कारण गाळावर तेल सांडले की पाय हमखास घसरतो. रांगोळी वरच्या कोरड्या टप्प्यावर काढावी.

सगळ्यात जास्त चुका होतात त्या दिवे विझल्यावर. उजाडले की सगळे घरी जायच्या घाईत असतात आणि कुणीतरी बादलीने पायऱ्या धुऊन काढतो. म्हणजे सगळे तेल सरळ नदीत! सांडलेल्या तेलावर लाकडाचा भुसा किंवा चुलीतली राख टाकावी, ती तेल शोषून घेते, मग झाडून गोळा करावी. पणत्या निवल्यावर उरलेले तेल कॅनमध्ये ओतून घ्यावे. पणत्या पुढच्या वर्षी चालतात. नदीत दिवा सोडायचाच असेल तर पानांचा द्रोण घ्यावा. थर्माकोलची वाटी कधीच नको.

पाहुण्यांना लवकर परतायची गरज नाही. घाटालगतच्या ब्रह्मपुरी टेकडीवर सापडलेली पोसायडन या ग्रीक समुद्रदेवाची कांस्यमूर्ती टाऊन हॉल संग्रहालयात आहे. याच सुमारास गुऱ्हाळेही सुरू झालेली असतात. 9 ते 11 नोव्हेंबरच्या आसपास आलात तर मावळतीची किरणे अंबाबाईच्या मूर्तीवर पडतात तो किरणोत्सव पाहता येतो. मात्र आकाश निरभ्र नसेल किंवा हवेत धूळ-बाष्प जास्त असेल तर किरणे मूर्तीपर्यंत पोचत नाहीत, हे मनाशी धरूनच यावे.

महापालिकेला एक विनंती. त्या पहाटे घाटाच्या दोन्ही टोकांना झाकणाची पिंपे ठेवावीत, एक उरलेल्या तेलाला, दुसरे वाती आणि भुशाला. शेजारी भुशाची चार पोती असली तरी बरेच काम होईल. पणत्या गोळा करायला माणसे आम्ही देऊ.

आपले,
दीपोत्सवात राबणारे काही नागरिक, कोल्हापूर