म्हाताऱ्या कुत्र्यांना ‘उरलेली’ म्हणू नका

मा. संपादक,
स. न. वि. वि.

शेल्टरमधल्या कुत्र्यांवरची कालची बातमी वाचली आणि दिवसभर डोक्यातून गेली नाही. विषय घेतलात, त्याबद्दल मनापासून आभार. पण ‘पिल्लं घरी जातात, उरलेली म्हातारी तिथेच दिवस मोजतात’ असं लिहिण्याआधी तुमच्या बातमीदाराने त्या उरलेल्यांपैकी एकाच्या तरी पिंजऱ्यासमोर पाच मिनिटं उभं राहायला हवं होतं. आणि त्यावर फोटो कुणाचा छापलात? दोन महिन्यांच्या पिल्लाचा! म्हाताऱ्यांची बातमी, तिथेही म्हाताऱ्याला जागा नाही.

असंच एक ‘उरलेलं’ आमच्या घरी तीन वर्षं राहिलं. लॅब्रॅडॉर, वय दहाच्या आसपास. कुणीतरी रात्री शेल्टरच्या फाटकाला बांधून निघून गेलं होतं. मी पहिल्यांदा पाहिला तेव्हा भिंतीकडे तोंड करून पडला होता. न चालल्यामुळे नखं वाढून वळली होती, कानात गोचिडांचे झुबके, ओठ उचलून पाहिला तर हिरड्या पांढऱ्याफटक. तिथली मुलगी म्हणाली, “काकू, याचं वय झालंय हो.” रक्त तपासल्यावर निघाला टिक फिव्हर, म्हणजे गोचिडांमुळे होणारा ताप. प्लेटलेट पार खाली गेलेल्या. चार आठवडे डॉक्सीच्या (डॉक्सिसायक्लिन या अँटिबायोटिकच्या) गोळ्या दिल्या. रिकाम्या पोटी दिली की उलटी करायचा, म्हणून आधी चार घास भरवायचे आणि मग चिकनच्या तुकड्यात गोळी. तिसऱ्या आठवड्यात तो आपणहून उठून दारापर्यंत आला.

तरी खाणं बेताचंच. वाडगं हुंगायचा, एक घास तोंडात घ्यायचा आणि टाकून द्यायचा. जो तो म्हणे, या वयात भूक कमी होणारच. डॉक्टरांनी तोंड उघडून दाखवलं, तर मागच्या दाढा मुळापासून सडलेल्या. किडनीचा रिपोर्ट ठीक आला, मग भूल देऊन पाच दात काढले. चौथ्या दिवशी मी दहीभात कालवत होते, तर माझ्या हातावरच तुटून पडला. बोटांच्या बेचक्यांतलं शीतन् शीत चाटून खाल्लं. त्या दिवशी मी स्वयंपाकघरात बसून रडले. इतके महिने तो भुकेला होता आणि आम्ही सगळे त्याचं वय मोजत होतो.

आमच्याआधी तीन घरांनी त्याला नाकारलं होतं. कारण काय, तर डोळे धुरकट, म्हणजे आंधळा होणार. म्हाताऱ्या कुत्र्याचं बुबुळ निळसर दिसलं की तो मोतीबिंदूच असतो असं नाही. पुष्कळदा वयाने डोळ्यातलं भिंग घट्ट होतं, नजर बऱ्यापैकी शाबूत असते. आमच्या या ‘आंधळ्या’ला समोरच्या गच्चीवरचा कावळा दिसायचा. तुमच्या बातमीत एवढी एक ओळ असती तरी एखाद्याचं घर पक्कं झालं असतं.

२०२५ च्या ऑगस्टपासून, सर्वोच्च न्यायालयाच्या आदेशानंतर, रस्त्यावरच्या कुत्र्यांवर सगळ्यांनीच रकानेच्या रकाने लिहिलं. पण शेल्टरमधली कितीतरी म्हातारी कुत्री कुणाच्या ना कुणाच्या सोफ्यावर वाढलेली असतात, त्यांना टाकून देणाऱ्यांबद्दल कोण लिहिणार? प्राण्याला उपाशी मरायला टाकणं हा १९६० च्या कायद्याने गुन्हा आहे आणि पहिल्या वेळेचा दंड आहे १० ते ५० रुपये. पन्नास रुपयांत पार्ले स्टेशनबाहेर दोन वडापाव येतात.

आता सोसायट्यांबद्दलही लिहितेच. ‘कुत्र्यांना लिफ्टमध्ये मनाई’ ही पाटी आमच्याकडेही लागली. आम्ही चौथ्या मजल्यावर, कुत्र्याच्या मागच्या पायांना संधिवात. घरात लाद्यांवर पाय घसरू नयेत म्हणून दारापासून पलंगापर्यंत सतरंज्या अंथरल्या होत्या. आणि याने दिवसातून तीनदा चार जिने उतरायचे? दोन महिने माझा मुलगा त्याला उचलून न्यायचा. प्राणी कल्याण मंडळाचं २०१५ चं परिपत्रक समितीपुढे ठेवलं तेव्हा कुठे पाटी उतरली. सोसायटीला अशी बंदी घालता येत नाही, हे त्यात स्वच्छ लिहिलं आहे. लोक म्हातारं कुत्रं घ्यायला बिचकतात त्याला ही पाटीसुद्धा कारण आहे. यावर एकदा सविस्तर छापा.

आणि आठवड्यातून एकदा, आतल्या पानावर का होईना, शेल्टरमधल्या एका म्हाताऱ्या कुत्र्याचा फोटो द्या. वय, आजार काय, औषध कुठवर आलंय, एवढंच खाली लिहा. पहिल्या वेळेला फोटो मिळाला नाही तर आमच्याकडचा पाठवते. सतरंजीवर झोपलाय, तोंड पांढरं झालंय आणि मिशीला दहीभात लागलाय.

आपली,
एक वाचक, विलेपार्ले (पूर्व), मुंबई