ऑर्डरच्या मेलबॉक्सची काळजी घेणाऱ्या ताईंना

प्रिय ताई,

सप्रेम नमस्कार.

हे पत्र तुम्हाला एकटीला पाठवता आलं असतं. पण शिरोली एमआयडीसीतल्या ओळखीच्या फाउंड्र्यांमधून अजूनही फोन येतात की, तुमचं ते मेलचं काम कुणी करून दिलं आणि त्यात नेमकं केलं काय? म्हणून आभार सगळ्यांसमोर मानतो आणि कामही जमेल तसं सांगतो.

मायक्रोसॉफ्टने एक्सचेंज ऑनलाइन या आपल्या मेलसेवेतलं बेसिक ऑथेंटिकेशन, म्हणजे नुसत्या नाव-पासवर्डवर मेलबॉक्स उघडू देण्याची जुनी पद्धत, १ ऑक्टोबर २०२२ पासून बंद करायला घेतलं. घोषणा २०१९ मध्येच झाली होती, करोनामुळे मुदत पुढे गेली. आमच्याकडे ती तारीख नेमकी नवरात्रात येत होती. आमच्या सगळ्या ऑर्डरी एकाच मेलबॉक्समध्ये येतात आणि तिथून ईआरपी, म्हणजे कारखान्याच्या कामाचा हिशेब ठेवणारं सॉफ्टवेअर, दर काही मिनिटांनी आयमॅपने (मेल वाचायच्या एका ठरलेल्या वाटेने) पीओ, म्हणजे गिऱ्हाइकांच्या खरेदीच्या ऑर्डरी, उचलतं. ते अडलं असतं तर कुठलं कास्टिंग कधी ओतायचं हेच ठरलं नसतं, आणि तेही दिवाळीआधीच्या डिस्पॅचच्या घाईत.

तुम्ही आलात तेव्हा आम्हाला एवढंच हवं होतं की मेल चालू राहावेत. तुम्ही मात्र आधी सगळ्यांना बसवून जुन्या पद्धतीत धोका कुठे आहे ते सांगितलंत. जुन्या पद्धतीत सॉफ्टवेअर दर वेळी खरा पासवर्डच पाठवतं, त्यामुळे तो त्याच्याकडे साठवून ठेवावाच लागतो. वाटेत तो टीएलएस नावाच्या सांकेतिक आवरणाने झाकलेला असतो, पण आपल्याच संगणकावरच्या सेटिंगच्या फाइलमध्ये कुणालाही सापडू शकतो. शिवाय त्या वाटेने येणाऱ्याला फोनवरची मंजुरी मागायची सोयच नसते. आम्ही ऑफिसातल्या सगळ्यांच्या फोनवर ही मंजुरी मागणारं ऑथेंटिकेटर अ‍ॅप बसवून निश्चिंत होतो. तुम्ही अझुर एडीमधली, म्हणजे मायक्रोसॉफ्टच्या खाती सांभाळणाऱ्या सेवेतली, साइन-इनची नोंद उघडलीत, त्यात फक्त आयमॅप आणि पॉप या मेल वाचायच्या जुन्या वाटा निवडल्यात, आणि आमचा कुणीही कधी गेला नाही अशा देशांमधून आमच्या मेलबॉक्सवर पासवर्ड लावून पाहणारे लोक रांगेने दिसले. पासवर्ड स्प्रे (तेच ते सोपे पासवर्ड अनेक खात्यांवर लावून पाहणं) प्रकारच्या हल्ल्यांपैकी ९९ टक्क्यांहून जास्त हल्ले या जुन्या वाटांनीच होतात, असं मायक्रोसॉफ्टचंच म्हणणं आहे, हे तुम्ही तेव्हा सांगितलंत. त्या पडद्यासमोर आमचे मालक बराच वेळ उभे होते. आमच्या बिलांचे मेल वाचत बसलेला कुणी एक दिवस गिऱ्हाइकाला 'आमचं बँक खातं बदललं आहे' असं कळवू शकतो, हे त्या दिवशी सगळ्यांच्या लक्षात आलं.

नवी पद्धत तुम्ही आमच्याच गेटवरच्या गेटपासवरून समजावलीत. पास कुणाचा, कुठल्या विभागाचा, कधीपर्यंतचा, हे त्यावर लिहिलेलं असतं आणि वॉचमन माणसाला घराची किल्ली मागत नाही. ओऑथ या नव्या पद्धतीतलं टोकन, म्हणजे मेल उघडायचा तात्पुरता परवाना, तसंच, साधारण तासाभराचं. मुदत संपली की सॉफ्टवेअर स्वतःच नवं घेतं आणि मेलबॉक्सचा पासवर्ड त्याला कधी दिसतच नाही. आमच्या मेल्टिंग शॉपमधल्या माणसालाही हे एका दमात पटलं.

खरं काम मात्र त्यानंतरचं होतं, आणि माझे आभार मुख्यतः त्याच्यासाठी आहेत. ईआरपीवाल्यांचं उत्तर होतं, पुढच्या आवृत्तीत बघू. डिसेंबरअखेरपर्यंत जुनी पद्धत एकदा परत चालू करून घ्यायची मुभा मायक्रोसॉफ्टने दिली होती. ती घ्या आणि मोकळे व्हा, असा सल्ला आम्हाला इतर ठिकाणांहून मिळाला होता. तुम्ही सांगितलंत की जानेवारीत ते कायमचं बंद होणार, आणि तोवर ती नोंदीतली रांग तशीच दारात राहणार. मग त्यांच्या प्रोग्रामरला तुम्ही स्वतः फोनवर घेतलंत. माणूस समोर नसताना सॉफ्टवेअरने आयमॅपसाठी टोकन कसं घ्यायचं, याची सोय त्याच वर्षी आली होती; ती त्याला पायरीपायरीने दाखवलीत. एकदाही आवाज चढवला नाहीत. मायक्रोसॉफ्टकडे सॉफ्टवेअरची नोंदणी केल्यावर त्याला आख्ख्या कंपनीचे मेलबॉक्स उघडून देणं सोपं होतं, कुणी विचारलंही नसतं. तुम्ही फक्त ऑर्डरच्या एका मेलबॉक्सची परवानगी दिलीत आणि दुसऱ्या मेलबॉक्सवर ती चालत नाही, हे आमच्यासमोर करून दाखवलंत.

स्कॅनरचं काम लहान होतं. तो एसएमटीपीने (मेल पाठवायच्या वाटेने) स्कॅन मेल करायचा आणि ऑक्टोबरच्या बंदीत एसएमटीपी नव्हतंही. तरी 'आज ना उद्या तेही जाईल' म्हणून तुम्ही तो ऑफिसच्या फोल्डरला जोडून दिलात.

स्टोअर्समधल्या काकांबद्दल मात्र लिहायलाच हवं. त्यांच्या संगणकावर मेल वाचायचं जुनं आउटलुक २०१० होतं आणि त्याला नवी पद्धत येतच नाही. निवृत्तीला आलेल्या माणसाला नवं काही शिकवायचं म्हटल्यावर ते आधीच घाबरले होते. तुम्ही थंडरबर्ड हे मेलचं दुसरं सॉफ्टवेअर घातलंत, त्यांचे जुने फोल्डर त्याच क्रमाने लावून दिलेत आणि लॉगिनची खिडकी पहिल्यांदा आली तेव्हा माउस त्यांच्याच हातात ठेवलात. तुमच्या घाईच्या दिवसात तो वेळ तुम्ही कुठून काढलात, कोण जाणे. काका आजही तुमची चौकशी करतात.

बदल झाला तो खंडेनवमीच्या आधी. पूजेच्या दिवशी भट्ट्या आणि मशीनवर झेंडू चढत होते तेव्हा पीओ नव्या वाटेने नेहमीसारखे येत होते, आणि काही बदललं आहे हे शॉपमध्ये कुणाला जाणवलंही नाही.

जाताना तुम्ही मराठीत लिहिलेली एक वही दिलीत. कुठलं सॉफ्टवेअर कुठल्या मेलबॉक्सला जोडलं आहे, परवानगी कुणी दिली, ती काढायची कशी, आणि पहिल्याच पानावर लाल शाईने, सॉफ्टवेअर टोकन मागताना स्वतःची ओळख ज्या गुप्त किल्लीने पटवतं, तिची मुदत कधी संपते ती तारीख. अशी किल्ली दोन वर्षांहून जास्त चालत नाही, तारीख चुकली तर मेल बंद पडतील, असं बजावून गेला होतात. मधल्या काळात अझुर एडीचं नाव एन्ट्रा आयडी झालं, पडदेही बदलले. २०२४ मध्ये मुदत जवळ आली तेव्हा आमच्या अकाउंट्समधल्या मुलीने ती वही उघडली, नवी किल्ली तयार केली, ईआरपीत घातली, मेल येतात हे पाहिलं आणि मगच जुनी काढून टाकली. तुम्हाला फोन करायची गरज पडली नाही. नवी तारीख तिने पहिल्या पानावर तुमच्या तारखेखाली लिहिली आहे.

ताई, मनापासून आभार.

आपला,
डिस्पॅच विभाग, शिरोली, कोल्हापूर