बाबा, सुट्टीचं कारण खोटं होतं

सनीवेल, कॅलिफोर्निया
१६ नोव्हेंबर

तीर्थरूप बाबांस,
शिरसाष्टांग नमस्कार.

हे पत्र तुमच्या एकट्याच्या नावाने पाठवतोय. फोनवर सांगायचा तीनदा प्रयत्न केला. दर वेळी तुम्ही "जेवलास का?" विचारलंत आणि माझी जीभ टाळ्याला चिकटली.

सुमीच्या लग्नाला सुट्टी मिळत नाही म्हणून सांगितलं ते खोटं आहे. सुट्टी जूनमध्येच मंजूर झालीय. मला येता येत नाही, कारण ऑगस्टमध्ये दारू पिऊन गाडी चालवताना पोलिसांनी मला पकडलं. कुणाला लागलेलं नाही, गाडीला ओरखडासुद्धा नाही. हे आधीच लिहितो, म्हणजे पुढचं चष्मा न काढता वाचाल.

शुक्रवार होता. ऑफिसातला एकजण नोकरी सोडून चालला होता, त्याला निरोप द्यायला आम्ही सात-आठ जण सॅन होजेच्या डाउनटाउनमध्ये गेलो. मी पितो हे तुम्हाला कधी सांगितलं नाही, तुम्हीही कधी विचारलं नाहीत. तीन तासांत मी बिअरचे तीन ग्लास घेतले. तीन बिअर म्हणजे काहीच नाही असं मला वाटायचं. आता कोर्टाने लावलेल्या क्लासमध्ये शिकवलं तेव्हा कळलं. इथे एक ड्रिंक म्हणजे १४ ग्रॅम शुद्ध अल्कोहोल धरतात, ५ टक्क्यांच्या बिअरची एक छोटी बाटली. मी घेत होतो ती ७ टक्क्यांची, आणि ग्लास आपल्याकडच्या मोठ्या बाटलीच्या पाऊण मापाचा, ४७३ मिलीचा. म्हणजे तीन ग्लास नव्हे, साडेपाच ड्रिंक झाली होती. आणि ते उतरायला कॉफी, लिंबू, गार पाणी काही कामाचं नाही, लिव्हर त्याच्या गतीनेच काम करतं.

निघताना टॅक्सीचं ॲप उघडलं होतं. ३८ डॉलर दाखवत होतं. घर कसंबसं आठ-नऊ मैलांवर, म्हणून ॲप बंद केलं. पण बाबा, खरी गोष्ट पुढे आहे. नेहमी मी हायवेने येतो. त्या रात्री मुद्दाम आतून, एल कॅमिनो रियालने निघालो, कारण हायवेवर पोलीस असतात. म्हणजे मला चढलीय हे मला कळत होतं. वकिलाने या वाक्याबद्दल तोंड उघडू नकोस म्हणून सांगितलं होतं आणि कोर्टात ते कुणी विचारलंही नाही. तुम्हाला मात्र सांगतोय.

सँटा क्लारा ओलांडताना मागे लाल-निळे दिवे लागले. त्याने थांबवलं ते पिण्यासाठी नाहीच. माझे हेडलाइट बंद होते! डाउनटाउनमधून निघाल्यापासून रस्त्यावर इतका उजेड की माझ्या लक्षातच आलं नाही. तुमची सवय आठवली. कराडहून चिपळूणची एसटी काढायच्या आधी तुम्ही तिला एक पूर्ण फेरी मारायचात, टॉमीने, त्या लोखंडी दांड्याने, एकेक टायर ठोकून कान देऊन आवाज ऐकायचात, मग कंडक्टरला पुढे उभं करून दिवे लावून बघायचात. मी शाळेचं दप्तर घेऊन स्टँडवर उभा असायचो आणि मला वाटायचं, किती हा वेळखाऊपणा.

इथे पोलिसाने थांबवलं की उतरायचं नाही. दोन्ही हात स्टिअरिंगवर ठेवून बसायचं. तो खिडकीशी आला, वाकला, विचारलं, काही घेतलंय का? मी म्हणालो, दोन बिअर. (क्लासमध्ये आम्ही सगळे बसतो तेव्हा ह्यावर हसू येतं. जवळपास प्रत्येकाने दोनच सांगितल्या होत्या.) त्याने मला खाली उतरवलं. आधी पेन डोळ्यांसमोर धरून हळूहळू डावीकडे-उजवीकडे नेलं, मान न हलवता नुसत्या नजरेने बघायला सांगितलं. मग फूटपाथच्या कडेला, टाचेला अंगठा लावून नऊ पावलं, वळायचं, परत नऊ पावलं. मग एक पाय जमिनीपासून वीतभर वर उचलून मोठ्याने मोजायचं. इंग्रजीत आठपर्यंत गेलो आणि गडबडलो, तर तोंडातून 'नऊ, दहा' मराठीत आलं. तो जरा थांबला. आवाज चढवला नाही, हात उगारला नाही, 'सर' म्हणत होता. त्याच सुरात त्याने मला मागे वळायला सांगितलं आणि हातकड्या घातल्या. त्या पाठीमागे घालतात. गाडीची मागची सीट गादीची नसते, कडक प्लॅस्टिकची असते, आणि हात पाठीशी असल्यावर नीट टेकून बसता येत नाही.

ठाण्यावर पंधरा मिनिटं एक माणूस समोर बसून नुसता माझ्या तोंडाकडे बघत होता. ढेकर आली, उलटी झाली तर यंत्राचा आकडा चुकू शकतो, म्हणून तसा नियम आहे. मग दोनदा फुंकायला लावलं. एकदा ०.११, एकदा ०.१०. इथली मर्यादा ०.०८. आपल्याकडे १०० मिली रक्तात ३० मिलिग्रॅम, म्हणजे ०.०३. अमेरिकेत सूट आहे असं मी मित्रांना ऐटीत सांगायचो. तुमच्यासारख्या व्यावसायिक ड्रायव्हरला इथे मर्यादा निम्मी आहे, ०.०४, हे तेव्हा माहीत नव्हतं.

कोठडीत जाण्याआधी पट्टा, बुटांच्या नाड्या, फोन, पाकीट सगळं प्लॅस्टिकच्या पिशवीत घालतात. हातातला दोराही काढ म्हणाले. आईने पालीच्या खंडोबाला जाऊन आणलेला, गेल्या वर्षी निघताना बांधलेला. गाठ सुटेना, तर तिथल्या बाईने कात्रीने कापला आणि तोही पिशवीत टाकून वर नोंद केली. गणपतीत व्हिडिओ कॉलवर आईने विचारलं, "दोरा कुठंय रे?" मी म्हणालो, पोहताना तुटला. एक खोटं बोललं की असं होतं. मी पोहायला जात नाही, हे तिला कधीतरी आठवेलच.

सकाळी आठला सोडलं. बाहेर आल्यावर काय करायचं सुचेना, गाडी उचलून नेलेली, फोनची बॅटरी संपलेली. नाड्या ओवत पायरीवर बसून राहिलो.

लायसन्स पोलिसांनी जागेवरच ठेवून घेतलं आणि त्याऐवजी एक गुलाबी कागद दिला, तो ३० दिवस चालतो. त्या विरुद्ध सुनावणी हवी असेल तर १० दिवसांत मागायची असते. ते दहा दिवस मी खोलीचं दार लावून, कुणाशी न बोलता घालवले. वकील गाठला तेव्हा अकरावा दिवस होता. चार महिने लायसन्स तिथेच बंद झालं, कोर्टाची बंदी वेगळी. मी गुन्हा कबूल केला. मूळ दंड ३९० डॉलर ऐकून हायसं वाटलं होतं, पण त्यावर अधिभार चढत चढत तो दोन हजारांच्या पुढे गेला. वकिलाची फी त्याहून मोठी. शिवाय तीन महिन्यांचा क्लास, काही शनिवार-रविवार काउंटीच्या कामावर नारिंगी जाकीट घालून बागेतलं तण काढणं, आणि तीन वर्षं नजर. या तीन वर्षांत ०.०१ भरलं तरी गाडी चालवता येणार नाही. पैशांची काळजी करू नका. लग्नाचे ठरलेले पैसे बाजूलाच आहेत, त्यांना हात लावलेला नाही.

आता यायचं का नाही ते. अटकेनंतर तीन आठवड्यांनी अमेरिकन वकिलातीची ईमेल आली की माझा व्हिसा रद्द केलाय. खटला संपायचीही वाट बघत नाहीत, दारू पिऊन गाडी चालवल्याची नुसती अटक पुरते. मला इथून काढलेलं नाही, नोकरीही चालू आहे, कारण इथे राहण्याचा कागद वेगळा आणि पासपोर्टवरचा शिक्का, म्हणजे व्हिसा, वेगळा. पण देशाबाहेर पाऊल टाकलं की परत यायला तो शिक्का लागतो. तो मुंबईच्या वकिलातीत नव्याने मागायचा, त्यांनी ठरवलेल्या डॉक्टरकडे तपासून घ्यायचं, याला व्यसन आहे का ते तो डॉक्टर लिहून देणार, आणि मग वाट बघायची. किती, ते कुणी सांगत नाही. तोपर्यंत कंपनी थांबेल का, तेही कुणी सांगत नाही. घराचे हप्ते माझ्या पगारावर आहेत. म्हणून येत नाही.

तुम्ही रागावाल हे ठाऊक आहे. तुमच्या रागाची मला तितकी भीती नाही. मला सारखा तो मुक्कामी गाडीचा दिवस आठवतो. मी सहावीत होतो. आगारात एक ड्रायव्हर पिऊन ड्युटीवर आला होता, तुमचाच जुना दोस्त, आपल्या घरी जेवायला यायचा. तुम्ही त्याच्या हातातून लॉगशीट घेतलं, त्याला बाकावर बसवलं आणि स्वतःची ड्युटी संपलेली असताना त्याची गाडी कुंभार्ली घाटातून घेऊन गेलात. दुसऱ्या दिवशी आई म्हणाली, जरा सांभाळून घ्यायचं होतं, त्याला पोरं आहेत. तुम्ही भाकरी मोडता मोडता म्हणालात, "गाडीत होती ती पण कुणाची तरी पोरंच होती." त्यानंतर तो आपल्या घरी कधी आला नाही. विना अपघात सेवेचा तुमचा बिल्ला कपाटात आहे ना, साडीच्या बॉक्समध्ये, तो आठवला की मला आता त्या माणसाचा चेहरा आठवतो, तुमचा नाही.

हल्ली मी २२ नंबरच्या बसने ऑफिसला जातो. ती त्याच एल कॅमिनोवरून धावते. गाडीने पंधरा मिनिटं लागायची, आता पाऊण तास. सकाळच्या बसला एक मेक्सिकन काका ड्रायव्हर असतात, साठीच्या आसपासचे. चढताना सगळे त्यांना 'मॉर्निंग' म्हणतात आणि उतरताना मागच्या दारातून ओरडून 'थँक यू'. मीही ओरडतो आता. एकदा व्हीलचेअरवरची बाई चढत होती, ते सीटवरून उठून मागे आले, चाकांना पट्टे अडकवले, हलवून बघितले, मग पुन्हा एकदा हलवून बघितले. मागच्या माणसाने घड्याळ बघून सुस्कारा सोडला. मला हसू आलं.

आईला सांगायचं की नाही, सांगायचं तर कसं, हे तुम्ही ठरवा. लग्न होईपर्यंत थांबलात तरी चालेल. मात्र दोरा पोहताना तुटला नाही, एवढं तरी सांगा. सुमीला मी स्वतः रविवारी फोन करून सांगणार आहे, तिच्या सासरी दुसऱ्या कुणाकडून कळायला नको.

मुहूर्त १२ वाजून ३५ मिनिटांचा म्हणजे इथे आदल्या रात्रीचे ११ वाजून ५ मिनिटं. मी लॅपटॉप लावून बसेन. फोन कुणा एकाच्या हातात द्या आणि त्याला म्हणावं आडवा धर, साखरपुड्याला मला सगळ्यांच्या हनुवट्याच दिसल्या. कानपिळीला मावशीच्या बंड्याला उभा करा, आणि तो मानाचा पोशाख त्यालाच द्या, माझ्यासाठी ठेवू नका. पण जोरात पिळू नको म्हणावं. जावईबापू चष्मा घालतात.

आपला,
संजू