सायगॉनला जाण्यापूर्वी

सांगली,
चंपाषष्ठी

चि. चिमूस अनेक उत्तम आशीर्वाद.

हनोईहून परतल्याला आज अठरा दिवस झाले. या अठरा दिवसांत आपण फोनवर बोललो, पण ते हवापाण्याचे आणि आईच्या गुडघ्याचे बोलणे झाले. विमानतळावर तू मला नमस्कार केलास आणि एक शब्दही न बोलता सिंगापूरच्या विमानाच्या रांगेत जाऊन उभी राहिलीस, तो विषय तूही काढला नाहीस आणि मीही काढला नाही. काल आईकडून कळले की पुढच्या महिन्यात तू चार दिवस एकटीच सायगॉनला जाणार आहेस. रात्रभर झोप लागली नाही, म्हणून पहाटे उठून हे पत्र लिहायला घेतले. फोनवर माझा आवाज चढतो, कागदावर चढत नाही.

आधीच सांगतो की शेंगदाण्याविषयी मी या पत्रात एकदाच लिहिणार आहे. ते असे. तुला शेंगदाणा चालत नाही असे सांगणारे जे कार्ड हनोईच्या हॉटेलात काउंटरवरच्या मुलीने आपल्याला व्हिएतनामी भाषेत लिहून दिले होते, त्यात शेंगदाण्याला ‘लाक’ हा शब्द आहे. तो उत्तरेकडचा शब्द झाला. दक्षिणेत, म्हणजे सायगॉनला, शेंगदाण्याला ‘डौ फोंग’ म्हणतात. पहिला शब्द तिकडे कोणाला कळणारच नाही असे नाही, परंतु संध्याकाळच्या गर्दीत एखाद्या गाडीवरची बाई कार्ड वाचताना क्षणभरसुद्धा अडखळू नये, एवढेच माझे म्हणणे आहे. मी त्या मुलीला ईमेल केला, तिने दोन्ही शब्द घालून नवा मजकूर पाठवला, आणि तो छापून, लॅमिनेट करून मी सोबत ठेवला आहे. हा विषय येथे संपला.

आता हनोईविषयी, जे मला तिथेच बोलायला हवे होते. निवृत्त पोस्टमास्तराला त्याच्या मुलीने स्वतःच्या पगारातून परदेश दाखवला, हे मी येथे ओळखीच्या प्रत्येकाला सांगितले आहे आणि तुला मात्र अजून एकदाही सांगितलेले नाही. तिसऱ्या दिवशी पहाटे आई झोपलेली असताना तू मला लाँग ब्येन पुलावर नेलेस, ती सकाळ माझ्या डोळ्यांपुढून हलत नाही. फ्रेंचांनी १८९९ ते १९०२ या काळात बांधलेला, अमेरिकी विमानांनी १९६७ आणि १९७२ साली बाँब टाकून तोडलेला आणि पुन्हा जोडलेला तो पूल. मूळचे उंच लोखंडी सांगाडे काही ठिकाणीच उरले आहेत, आणि मधले गाळे साधे, बुटके, घाईने सांधलेले आहेत, हे तू मला बोट दाखवून सांगितलेस. मधून रेल्वे, दोन्ही अंगांना दुचाक्या, आणि खाली तांबूस पाण्याची नदी. तिच्या मधल्या बेटावर केळीच्या बागा पाहिल्यावर मी ‘ही तर आपली नदीकाठची मळी’ असे म्हणालो आणि तू हसलीस. आपल्या आयर्विन पुलावर तू लहानपणी माझ्या खांद्यावर बसून कृष्णेचे पाणी पाहायचीस, आणि पुराच्या दिवसांत पातळी किती फूट झाली हे मी ऑफिसातून आलो की आधी मला विचारायचीस. लाँग ब्येनवर कठड्याजवळून चालताना तू माझा दंड धरला होतास. कोण कोणाला सांभाळत आहे हे मला काही वेळ कळले नाही, आणि ते मला आवडले.

जुन्या वस्तीतले रस्तेही तू फार मन लावून दाखवलेस. ‘हांग’ म्हणजे माल, आणि ज्या मालाचा रस्ता त्याचेच नाव त्याला: हांग बाक चांदीचा, हांग मा देवापितरांपुढे जाळायच्या कागदी वस्तूंचा, हांग थ्येक पत्र्याचा. पुण्याच्या तांबट आळीत लहानपणी ऐकलेली ठोक्यांची लय मला हांग थ्येकमध्ये जशीच्या तशी ऐकू आली, फक्त तेथे तांब्याऐवजी पत्रा होता. लान ओंग रस्त्यावरच्या झाडपाल्याच्या औषधांचा वास घेत आई किती वेळ उभी होती, हे तुला आठवत असेल. पुढे डोंग श्वानचा बाजार, १८८९ साली फ्रेंचांनी उभारलेला आणि १९९४ च्या आगीनंतर पुन्हा बांधलेला. तेथे सुकवलेली कोळंबी, अळंबी आणि कमळाच्या बिया पोत्यांच्या ओळींनी मांडल्या होत्या, आणि त्या ओळींमध्ये शेंगदाण्याची पोती किती होती ती मी मोजली. अकरा होती. तू पुढे चालत होतीस आणि मी पोती मोजत होतो, ही माझी चूक मला मान्य आहे. त्याच बाजारात मी वीस हजार डोंगांची नोट समजून पाच लाखांची दिली, कारण दोन्ही निळसर असतात, आणि टोप्या विकणारी ती म्हातारी धावत येऊन नोट माझ्या हातात कोंबून गेली. सायगॉनला नोटा आधी वेगवेगळ्या कप्प्यांत लावून ठेव.

साहित्यमंदिरात तू मला आत पाठवून बाहेर फोनवर बोलत होतीस, म्हणून तुला माहीत नाही की मी तेथे किती वेळ थांबलो. १०७० साली स्थापन झालेली ती जागा, आणि अंगणाच्या दोन्ही बाजूंना दगडी कासवांच्या पाठीवर उभे असलेले ८२ शिलालेख. राजाच्या परीक्षेत सर्वोच्च पदवी मिळवलेल्यांची नावे आणि गावे त्यांवर कोरलेली आहेत. मला त्यांतले एक अक्षरही वाचता येत नव्हते, तरी मी प्रत्येक दगडापुढे उभा राहिलो. तुझ्या शाळेच्या फलकावर तुझे नाव रंगवले, तेव्हा रंग ओला असतानाच मी ऑफिसातून सायकलने पाहायला गेलो होतो. पेंटर म्हणाला, ‘हात लावू नका साहेब.’ साहित्यमंदिरातल्या कासवांनाही आता हात लावू देत नाहीत. परीक्षेला जाणारी मुले यशासाठी त्यांच्या डोक्यावरून हात फिरवून दगड झिजवत असत, म्हणून कठडा घातला आहे.

त्रिपुरी पौर्णिमेच्या दिवशीचे एक राहिले. तेथे चांद्रमासाच्या पहिल्या आणि पंधराव्या तिथीला पुष्कळ लोक ‘चाय’ म्हणजे शाकाहारी जेवतात, हे तू शोधून काढलेस आणि माळ घातल्यापासून बाहेर काही न खाणाऱ्या तुझ्या आईला पोटभर जेवू घातलेस. त्याच दुपारी तू आणि मी मूळ १९४६ सालची म्हणून सांगतात ती अंड्याची कॉफी प्यायला वर गेलो, तेव्हा आई खाली फूटपाथवर चहाच्या बुटक्या स्टुलावर बसली होती. चहावाल्या आजीने तिला एक वडी दिली. ती ‘केओ लाक’ होती, आपली चिक्कीच. आईने ती खाल्ली. नंतर तीन वेळा चूळ भरली, हात धुतले, रुमाल पिशवीच्या तळाशी टाकला, आणि रात्री मला म्हणाली, ‘चव तशीच आहे हो.’ हे तुला सांगू नका असेही ती म्हणाली होती. आपल्या स्वयंपाकघरात सत्तावीस वर्षांत दाण्याचा कूट आलेला नाही, खिचडीत ओले खोबरे असते, आणि तिने त्याबद्दल कधी चकार शब्द काढला नाही. हे मी उपकार म्हणून सांगत नाही. हे वाचून तुला वाईट वाटणार असेल तर मी लिहायला नको होते, परंतु लिहून झाले आहे आणि खोडलेले पत्र पाठवण्याची मला सवय नाही.

आता शेवटच्या रात्रीविषयी. चा का चाखायला नेण्याचा बेत तुझाच होता, त्या पदार्थावरून ज्याला नाव पडले त्याच रस्त्यावर. हळद लावलेला मासा आणि वर शेपूच्या जुड्या! लहानपणी शेपूचे नाव काढले की ताट सोडून पळणारी तू, तव्यावरचा शेपू हाताने माझ्या ताटात वाढत होतीस, आणि मी ते बघत असतानाच पोऱ्याने भाजलेल्या शेंगदाण्यांची वाटी आणून तुझ्या कोपराशी ठेवली. तू ती शांतपणे दूर सारली असतीस, हे मला आज कळते. मी वाटी उचलून ओरडलो, सगळे हॉटेल वळून पाहू लागले, आणि तू म्हणालीस, ‘बाबा, मी एकतीस वर्षांची आहे.’ त्यानंतर तू जेवली नाहीस. चिमू, त्या ओरडण्याबद्दल मी तुझी क्षमा मागतो. बाप म्हणून हात राखून नव्हे, सरळ मागतो.

परंतु वाळव्याचे तुला पूर्ण माहीत नाही. तू चार वर्षांची होतीस, उसाचा हंगाम होता, आणि आत्याने गूळ-शेंगदाण्याचे लाडू वळले होते. तो लाडू तुला आत्याने दिला असे आपल्या घरात आजवर सांगितले जाते. आत्याने तो माझ्या हातात दिला होता, आणि तू ‘नको, तोंड खाजते’ म्हणत असताना ‘खा, ताकद येते’ असे म्हणून मी तो तुला भरवला. तुझे ओठ सुजले, डोळे मिटले, श्वासाला शिट्टीसारखा आवाज येऊ लागला. उसाच्या ट्रॅक्टरवाल्याने ट्रॉली रस्त्यात सोडून आपल्याला इस्लामपूरला पोहोचवले. डॉक्टरांनी इंजेक्शन दिले आणि तू रडलीस, तेव्हा तुझे रडणे ऐकून मी बाकावर बसलो तो उठू शकलो नाही. आत्याने मला कधी उघडे पाडले नाही, आणि मी गप्प राहिलो. मागच्या आठवड्यात वाळव्याला जाऊन मी तिची क्षमा मागून आलो. वाटी दिसली की मला ती वाटी दिसत नाही, माझा हात दिसतो.

म्हणून आणखी एकदा लिहितो, आणि रागावू नकोस. सायगॉनला गोइ कुऑनची न तळलेली गुंडाळी मिळेल, तिच्याबरोबरच्या दाट चटणीत दाण्याचा कूट असतो. भाजक्या मांसाच्या गार शेवयांवर, बान्ह त्रांग त्रोन नावाच्या भेळेवर आणि कच्च्या पपईच्या कोशिंबिरीवर तो वरून पेरतात; पेरलेला काढून टाकला तरी चालत नाही. पेनासारखी इंजेक्शने दोन ठेव आणि दोन्ही अंगावरच्या पिशवीत ठेव, हॉटेलच्या खोलीत किंवा उन्हात तापलेल्या गाडीत नको. वेळ आलीच तर मांडीच्या बाहेरच्या बाजूला, कपड्यावरून, आणि बरे वाटले तरी दवाखान्यात जायचेच, कारण काही तासांनी त्रास उलटू शकतो. रुग्णवाहिकेचा क्रमांक ११५. हे सगळे तुला माझ्याहून चांगले ठाऊक आहे. तूच मला इंजेक्शन द्यायला शिकवले आहेस.

बेन थान बाजार १९१४ सालचा आहे, तो पाहशीलच. कोम ताम जरूर खा. ती आपली कणीच आहे, गरिबांचा तुकडा-तांदूळ म्हणून सुरू झालेली. पण मला पाहायचे आहे ते तेथील मुख्य पोस्ट ऑफिस. १८८६ ते १८९१ मध्ये बांधलेले, कमानदार लोखंडी छताचे, आणि आजही चालू. आतल्या भिंतीवर जुन्या तारमार्गांचा मोठा रंगवलेला नकाशा आहे असे मी वाचले आहे. आपल्याकडची तार २०१३ च्या जुलैत बंद झाली, तेव्हा मी शेवटच्या दिवशी रांगेत उभा राहून तुला तार केली होती, ती तुझ्याकडे अजून आहे का? त्या नकाशासमोर जरा वेळ उभी राहा, आणि तेथल्या खिडकीतून मला एक कार्ड टाक. मजकूर नसला तरी चालेल. शिक्का स्पष्ट उमटला आहे का, एवढे बघ.

आईचा गुडघा बरा आहे. कळावे.

तुझे,
बाबा

ता. क. कार्डाच्या दोन प्रती ठेवल्या आहेत. एक पाकिटात आणि एक मोबाईलच्या कव्हरमध्ये ठेव. पाठीमागे मी आत्याचाही फोन नंबर लिहिला आहे, तिने आग्रहाने लिहायला लावला.