कॅडवेलच्या पॅडॉकमध्ये अण्णा आठवले

डर्बी,
मंगळवार, रात्र

प्रिय सुन्या,

फोनवर तुला नुसतं ‘रेसला जाऊन आलो, भारी होतं’ एवढंच सांगितलं. पण दोन दिवस झाले, कामावरसुद्धा डोक्यात तेच चाललंय. म्हणून आज जेवण झाल्यावर लिहायला बसलोय. पत्र लांबेल, चहा घेऊन बस.

शनिवारी पहाटे साडेपाचला घर सोडलं. लाउथ नावाचं एक छोटं बाजाराचं गाव आहे लिंकनशायरमध्ये, तिथून पाचेक मैलांवर कॅडवेल पार्क, मोटरसायकलच्या शर्यतींचा ट्रॅक. लिंकनशायर म्हणजे पोळपाटासारखा सपाट मुलूख, अशीच माझी समजूत होती. पण लाउथच्या आधी जमीन अचानक उठायला लागते. मधे दरी, पुन्हा टेकडी, वर झाडी, आणि त्या चढउतारांवरून हा ट्रॅक गेलाय. १९३४ साली मॅन्सफिल्ड विल्किन्सन यांच्या जमिनीवर तो सुरू झाला. त्यांची पोरं तिथे घड्याळ लावून मोटरसायकली पळवायची. आज तो साडेतीन किलोमीटरचा आहे, पण रुंदीला कमी. वळणं अशी की मला सारखा पन्हाळ्याचा रस्ता आठवत होता. एका तीव्र उताराच्या वळणाला ‘गूसनेक’ म्हणतात, म्हणजे हंसाची मान. वरून बघितलं की नाव पटतं.

शर्यत जुन्या गाड्यांची. नॉर्टन मँक्स, मॅचलेस जी-५०, एजेएस सेव्हन-आर, बीएसए गोल्डस्टार, शिवाय सत्तरच्या दशकातल्या यामाहा टूस्ट्रोक. आपण कॉलेजात असताना जुन्या मासिकांत ज्यांचे काळेपांढरे फोटो बघायचो, त्या गाड्या. मला वाटलं होतं, काचेमागे ठेवल्यासारख्या जपून चालवत असतील. छे! पहिल्याच सरावात वीसेक गाड्या एकमेकींना खेटून वळणात शिरल्या आणि माझ्या छातीत धडधडायला लागलं. ५०० सीसीचा एकच सिलिंडर, तोही पूर्ण ताणून पळवलेला. तो आवाज कानाच्या आधी बरगड्यांना कळतो.

आणि वास! पॅडॉकमध्ये, म्हणजे शर्यतीच्या गाड्या उभ्या करून तयार करतात त्या आवारात, पाय टाकला आणि जागीच थबकलो. एरंडेल. आजी रविवारी सकाळी नाक दाबून पाजायची तेच, पण जळलेलं, गोडसर, हवेत तरंगणारं. जुन्या रेसच्या इंजिनांत एरंडेलापासून केलेलं तेल घालायचे. कॅस्ट्रॉल हे नावच कॅस्टर, म्हणजे एरंड, यावरून आलंय. कितीही तापलं तरी ते धातूला धरून राहतं, म्हणून रेसवाल्यांना आवडायचं. पण गाडी नुसती उभी राहिली तर त्याचा चिकटा धरतो, त्यामुळे काढून टाकावं लागतं. आजही काहीजण तेच वापरतात. आपल्याकडच्या एरंडाच्या बियांचा वास लिंकनशायरच्या टेकडीवर!

आता फोटोंचं सांगतो. शनिवारी दिवसभर मी ‘माउंटन’पाशी उभा होतो. ट्रॅकवरचा एक छोटा पण उभा चढ आहे तो. आत्ताच्या सुपरबाइक तिथे दोन्ही चाकांनी हवेत जातात, त्यामुळे सगळे फोटोवाले तिथेच गर्दी करतात. जुन्या गाड्यांचं पुढचं चाक वीतभर उचलतं, रायडर टाकीवर पोट टेकून पुढे झुकतो, चाक खाली येतं, गाडी झाडीत दिसेनाशी होते. मी शटर एक हजारांश सेकंदावर ठेवून सातशे फोटो काढले. रात्री लाउथला खोलीवर लॅपटॉप उघडला. सगळे धारदार, फोकस नेमका, आणि एकातही जीव नाही. चाकाची तार न् तार मोजता येत होती, म्हणजे गाडी स्टँडवर उभी करून काढल्यासारखी. दिवसभर जो थरार अंगावर घेतला तो त्या सातशेंपैकी एकातही उतरला नव्हता. उशिरापर्यंत झोप आली नाही.

रविवारी सकाळी म्हणून ट्रॅककडे गेलोच नाही, पॅडॉकमध्ये फिरत राहिलो. इथे ते बरं असतं, प्रेक्षकांना गाड्यांपर्यंत जाऊ देतात. व्हॅनच्या मागे ताडपत्री, खाली जुन्या गालिचाचा तुकडा, त्यावर गाडी, बाजूला किटलीत चहा. इंजिनातलं तेल काढायच्या प्रत्येक बोल्टाला बारीक तार पिळून बांधलेली, धक्क्याने सुटून ट्रॅकवर तेल सांडू नये म्हणून. ती तार तपासल्याशिवाय गाडी आत सोडत नाहीत.

तिथे एक आजोबा भेटले. पंच्याहत्तरीचे तरी असतील. त्यांची मँक्स नॉर्टन, चंदेरी टाकीची. या गाडीची फेदरबेड फ्रेम माहीत आहे ना तुला? १९५० साली बेलफास्टच्या मॅककँडलेस बंधूंची ही चौकट आली. हॅरल्ड डॅनियल म्हणून रेसर होता, तो म्हणाला, हिच्यावर बसणं म्हणजे पिसांच्या गादीवर बसणं, तेच नाव पडलं. इंजिन मात्र गादीसारखं अजिबात नाही. वरच्या हेडमध्ये व्हॉल्व्हच्या स्प्रिंगा उघड्या असतात, चालताना तेल उडत राहतं आणि रायडरचा बूट माखतो.

आजोबा मॅग्नेटोचे, म्हणजे प्लगला ठिणगी पुरवणाऱ्या यंत्राचे, पॉइंट साफ करत होते. झाकण काढलं, डोळे बारीक करून आत बघितलं, पातळ कागदाची पट्टी दोन पॉइंटच्या मधे घातली आणि हळूच ओढली. काळी रेघ उमटली. पट्टी उलटी करून पुन्हा ओढली. मग फिलर गेजचं, म्हणजे फट मोजायच्या मापाचं, पातं आत सरकवलं, अंगठ्याने जरासा दाब दिला, पातं बाहेर काढताना किती अडतंय ते डोळे मिटून अजमावलं.

सुन्या, डोळे मिटून! कोल्हापुरात उद्यमनगरच्या वर्कशॉपात अण्णा अगदी असेच करायचे. येझदीचे पॉइंट घासून झाले की पातं घालायचे, डोळे मिटायचे आणि म्हणायचे, ‘आता बोलंल बघ.’ आजोबांचे हात गोरे, अण्णांचे सावळे, पण नखांतलं काळं तेच, अंगठ्यावरचा जुना चिराही तसाच. आजोबांनी वर न बघताच पेटती बॅटरी माझ्या हातात दिली, इथे धर म्हणाले. मी धरली. कॅमेरा गळ्यात लोंबत होता. बऱ्याच वेळाने मी विचारलं, हातांचा फोटो काढू का? ते म्हणाले, काढ की, त्यात काय.

दुपारी त्यांची शर्यत होती. मी माउंटन सोडून हॉल बेंड्सच्या झाडीत जाऊन उभा राहिलो. तिथे वळणामागून वळण येतं, गाड्यांचा वेग उतरतो. शटर हळू केलं, एक साठांश सेकंदावर आणलं. पाय रोवायचे, कमरेतून वळत गाडीबरोबर कॅमेरा फिरवायचा, बटण दाबल्यावरही फिरवत राहायचं, मधे थांबायचं नाही. पहिल्या चार फेऱ्यांत सगळे फोटो हलले. पाचव्या फेरीत चंदेरी टाकी आली. आत्ता ते क्लच कसा धरत असतील ते मला डोळ्यांनी दिसत होतं, कारण ते हात मी सकाळी बघितले होते. एकच फोटो मिळाला, सुन्या, पण मिळाला. झाडी हिरव्या रेघांसारखी वाहत गेलीय, चाकं नुसती धूसर, आणि त्यात हेल्मेट आणि हातमोजा तेवढा स्थिर. आजोबा सातवे आले. व्हॅनपाशी परतले तेव्हा उजवा बूट तेलाने चमकत होता आणि चेहरा दहावीच्या पोराचा झाला होता.

येताना गाडी चालवत असताना एक गोष्ट टोचत राहिली, ती तुलाच सांगायची होती. मामाचा यशिका कॅमेरा आपल्याकडे दोन वर्षं होता. पन्हाळ्याला, ज्योतिबाला, रंकाळ्यावर आपण येझदीवर बसून किती फोटो काढले असतील, एक पाय टाकून, गॉगल लावून. अण्णा तेव्हा रोज समोर बसलेले असायचे, बनियनवर, हातात स्पॅनर. त्यांचा काम करताना एकही फोटो आपल्याकडे नाही. काल रात्री सगळे जुने स्कॅन पुन्हा चाळले. लग्नातला आहे, पासपोर्टचा आहे. गाडीवर वाकलेला एकही नाही. कॅमेरा माझ्या हातात होता, म्हणून ही चूक मी माझीच मानतो.

वहिनी परवा सांगत होत्या, अण्णा गेल्यापासून येझदीवरची ताडपत्री तू काढलेलीच नाहीस. मला कळतं ते. मी असतो तरी काढवली नसती. पण इंजिन बसून बसून जाम होतं रे. निदान प्लग काढून आत दोन थेंब तेल सोड, किकचा दांडा हाताने हळूहळू फिरव, गिअरही त्याच दांड्याने पडतो म्हणून जपून. पेट्रोल जुनं असेल ते सगळं काढून टाक. बाकी काही उघडू नकोस.

दिवाळीत येतोय, तिकीट काढलंय, तीन आठवडे आहे. पॉइंट तू घासायचेस. अण्णांचं फिलर गेज त्या कॅडबरीच्या डब्यात असायचं, बघून ठेव. बॅटरी मी धरीन, पण मधे मधे तुझ्या पोराकडे देईन, कारण मला फोटो काढायचेत. आणि फोटोसाठी म्हणून हात धुऊन येऊ नकोस.

आईंना नमस्कार, वहिनींना आणि छोट्याला खूप सारं.

तुझा,
मंद्या

ता. क. आजोबांच्या हातांच्या फोटोची मोठी प्रिंट वेगळ्या पाकिटातून पाठवतोय. अण्णांच्या बाकड्याच्या वर तो खिळा आहे ना रिकामा, तिथे लाव.